फायबरचा थर चिकट राहतो, पांढरा पडतो, सुटतो: पावसाळ्यात काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

लक्षणं

फायबरग्लासचा माल साच्यातून काढायची वेळ झाली तरी वरचा भाग बोटाला चिकटतो, त्यावर धूळ बसते. नख दाबलं की खूण उमटते. थरात पांढरे धागे किंवा ढगासारखे पट्टे दिसतात आणि रोलर कितीही फिरवला तरी जात नाहीत. जेलकोटला, म्हणजे साच्यावर सर्वात आधी लावलेल्या बाहेरच्या रंगीत थराला, सुरकुत्या पडतात. नाण्याने ठोकलं तर एका जागी खणखणीत आवाज येतो, तर हातभर अंतरावर बद्द. आणि सर्वात महागात पडणारं लक्षण: माल गिऱ्हाइकाकडे पोचतो, एक उन्हाळा काढतो आणि मग कडेने थर पापुद्र्यासारखा उचलतो.

यातली कोणती लक्षणं एकत्र दिसतात ते आधी नीट पाहा, निम्मं निदान तिथेच होतं. चिकट आणि पांढरं दोन्ही असेल तर ओल. नुसतं चिकट आणि आतूनही मऊ असेल तर माप चुकलंय किंवा गारठा आहे. माल कडक पण पांढरा असेल तर रेझिन (काचेचे धागे भिजवून कडक होणारा राळेसारखा द्रव) कमी पडलं किंवा रोलर नीट फिरला नाही. कडक, स्वच्छ, पण आवाज बद्द असेल तर दोन थरांच्या मधला पृष्ठभाग नीट तयार केलेला नव्हता.

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा भागातल्या शेडपासून खानापूरच्या टोकापर्यंत ही तक्रार जूनमध्ये सुरू होते आणि सप्टेंबरपर्यंत चालते. जानेवारीतल्या थंड सकाळी ती पुन्हा डोकं वर काढते. अथणी, रायबाग कोरडा भाग आहे, तिथे पावसाळ्यात त्रास कमी. पण तिकडचा माल बेळगावात येऊन बनवला तर बेळगावचीच हवा लागू होते.

दोष बहुतेक वेळा काचेत नसतो

मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चादर) खराब निघाली, हे पहिलं वाक्य असतं. तसं फार क्वचित होतं. ई-ग्लासचा, म्हणजे नेहमीच्या फायबरग्लासच्या काचेचा, धागा साधारण ९ ते १७ मायक्रॉन जाडीचा असतो. नव्या, ओरखडा न पडलेल्या धाग्याची ताणशक्ती ३,००० मेगापास्कलच्या वर असते आणि घनता २.५५ च्या आसपास, म्हणजे लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. गंजत नाही, वीज वाहून नेत नाही. साखर कारखान्याचे कूलिंग टॉवर, पाण्याच्या टाक्या, पन्हाळी, फाउंड्रीचे पॅटर्न, ट्रॅक्टरचे टप यांत तो याचसाठी वापरतात.

पण ही ताकद धाग्याची आहे, तुमच्या मालाची नाही. मॅटचे तुटक धागे सगळ्या दिशांना पसरलेले असतात आणि वजनाने काच ३० टक्क्यांच्या आसपासच असते. त्यामुळे चांगल्या हाताने केलेल्या मॅटच्या थराची ताकद १०० मेगापास्कलच्या आसपास भरते. तीही केव्हा? धाग्याभोवती रेझिन पूर्ण चिकटलं असेल तेव्हा. काचेला पाणी आवडतं. धाग्यावर कारखान्यात सायलेनचा एक अतिपातळ लेप दिलेला असतो, तो एका बाजूने काचेला धरतो आणि दुसऱ्या बाजूने रेझिनला. मध्ये ओल आली की ही पकडच बसत नाही. म्हणून खालच्या सगळ्या तपासण्या एकाच गोष्टीभोवती फिरतात: काच आणि रेझिन यांची पकड.

१. नख आणि अॅसिटोन

फुकटची तपासणी, म्हणून पहिली. थर २४ तासांचा झाल्यावर वरचा चिकटपणा अॅसिटोनच्या फडक्याने पुसा, मिनिटभर थांबा, नख दाबा. खालचा भाग कडक लागला तर माल शिजलेला, म्हणजे रेझिन पूर्ण कडक झालेलं आहे. वरचा चिकटपणा हा हवेतल्या ऑक्सिजनचा परिणाम. साध्या पॉलिएस्टर रेझिनचा उघडा पृष्ठभाग हवेमुळे पूर्ण शिजत नाही. हा दोषच नव्हे. शेवटच्या थरात मेण घातलेला टॉपकोट द्या किंवा पृष्ठभागावर पॉलिएस्टर फिल्म पसरा, म्हणजे तो राहणार नाही. मेण फक्त शेवटच्या थरात. मधल्या थरात मेण गेलं तर पुढचा थर त्यावर बसणारच नाही.

पुसल्यावरही पृष्ठभाग पुन्हा चिकट होत असेल, नखाची खूण राहत असेल, तर थर आतून कच्चा आहे. पुढे चला.

एक समजूत इथेच मोडायला हवी. कच्च्या थरावर वरून कॅटॅलिस्ट (रेझिन शिजवायला त्यात घालतात ते द्रव) पुसल्याने तो शिजत नाही. कॅटॅलिस्ट आत उतरत नाही. वर साल धरते आणि खाली कच्चंच राहतं.

२. तापमान आणि दमटपणा

तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र शेडमध्ये टांगा. किंमत काही शे रुपये, आणि हा पैसा वसूल होतो.

रेझिन, साचा आणि हवा तिन्ही १८ ते ३० अंशांत हवीत. १५ च्या खाली पॉलिएस्टरची प्रक्रिया इतकी मंदावते की थर जेल होतो, म्हणजे जेलीसारखा घट्ट होतो, पण पुढे पूर्ण शिजत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर आहे, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा सहज या खाली उतरतो. ड्रम रात्रभर सिमेंटच्या जमिनीवर उभा असेल तर सकाळी दहा वाजता हवा ऊबदार असली तरी आतलं रेझिन थंडच असतं. थंड रेझिन घट्ट होतं, मॅटमध्ये मुरत नाही, आणि लगेच कोणीतरी त्यात स्टायरीन (रेझिन पातळ करणारं द्रव) ओततं. स्टायरीन नको. ड्रम लाकडी फळ्यांवर ठेवा आणि लागेल तेवढं रेझिन आदल्या संध्याकाळी ऊबदार खोलीत आणून ठेवा.

आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की काम थांबवणं शहाणपणाचं. हवा २४ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दव बसायचं तापमान सुमारे २२ अंश येतं. रात्रभर थंड झालेला साचा २१ अंशांवर असेल तर त्यावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर आधीच बसलेला असतो. साचा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा. खानापूर बाजूला जुलैत हे दिवसभर जमत नाही. तिथे काम सकाळी ११ ते दुपारी ४ मध्येच धरा, शेडची पश्चिमेची बाजू ताडपत्रीने बंद करा आणि साच्यावर विजेचे दिवे लावून तो आधी कोरडा करा.

कोरडं करायला गॅसची शेगडी किंवा कोळशाची शेगडी आणू नका. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते, म्हणजे आर्द्रता उलट वाढते. आणि स्टायरीनची वाफ पेट घेते. दिवेसुद्धा लॅमिनेशन (मॅट-रेझिनचे थर द्यायचं काम) सुरू करायच्या आधी बंद करा.

३. माप: टोपणाने नव्हे, काट्यावर

कच्च्या थरांमागचं सर्वात मोठं कारण हेच. कॅटॅलिस्ट टोपणाने किंवा अंदाजाने घातलं जातं आणि थंडीत 'जरा जास्त', उन्हाळ्यात 'जरा कमी' असं चालतं.

कॅटॅलिस्ट रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के. १ किलो रेझिनला १.५ टक्के म्हणजे १५ ग्रॅम, मिलिलिटरमध्ये सुमारे १३. १ टक्क्याच्या खाली गेलं की थर कधीच पूर्ण शिजत नाही, कितीही दिवस ठेवा. २ टक्क्यांच्या वर काही मिळत नाही. जास्तीचं द्रव आत राहून थर मऊ पाडतं. तेव्हा जेल व्हायची वेळ कमी-जास्त करायची असेल तर तापमान किंवा कोबाल्ट (कॅटॅलिस्टचं काम वेगाने करवणारं द्रव) हलवा, कॅटॅलिस्ट नाही.

कोबाल्टबाबत आधी ड्रमवरचं लेबल वाचा. आजकाल बरंच रेझिन कोबाल्ट घातलेलंच येतं, सहसा गुलाबी-जांभळट झाक असते. त्यात पुन्हा कोबाल्ट घातलं तर डबा पाच मिनिटांत धुरावतो. घातलेलं नसेल तर तुमचं कोबाल्ट १, ३ की ६ टक्क्यांचं आहे ते पाहा. १ टक्केवाल्याचं माप ६ टक्केवाल्याला लावलं की सहापट डोस जातो. नेमका डोस रेझिनच्या तांत्रिक पत्रकावर असतो, ते दुकानदाराकडून मागून घ्या आणि भिंतीला चिकटवा.

कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. आग लागते, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच कॅटॅलिस्ट. दोन्हींचे मापाचे ग्लास वेगळे, बाटल्या वेगळ्या फळीवर. कॅटॅलिस्ट डोळ्यात गेलं तर त्याच क्षणी स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटं डोळा धुवा आणि थेट दवाखाना गाठा. यात दृष्टी जाऊ शकते. चष्मा न लावता बाटली उघडू नका.

ढवळणं हेही मापच आहे. डब्याच्या कडेचं आणि तळाचं रेझिन ढवळलं गेलं नाही तर तेवढाच पट्टा कच्चा राहतो. थरात एकच लांबट मऊ पट्टा दिसला की कारण हे.

४. कागदी कपाची चाचणी

माप बरोबर असूनही शंका असेल तर रेझिन आणि कॅटॅलिस्ट जिवंत आहेत का ते पाहा. कागदी कपात १०० ग्रॅम रेझिन घ्या, कोबाल्ट नेहमीच्या प्रमाणात, मग दीड ग्रॅम कॅटॅलिस्ट. वेळ लिहा. २५ ते ३० अंशांत ते साधारण १५ ते ३० मिनिटांत जेलीसारखं व्हायला हवं आणि त्यानंतर कप चांगलाच तापायला हवा. तापला की कप शेडबाहेर सिमेंटवर ठेवा. कचऱ्याच्या डब्यात टाकू नका.

तासाभरात जेल झालं नाही, किंवा जेल झालं पण तापलं नाही, तर हीच चाचणी नव्या सीलबंद कॅटॅलिस्टने करा. आता जमलं तर जुनी बाटली गेली. उन्हात ठेवलेलं, उघडं राहिलेलं कॅटॅलिस्ट जोर गमावतं. नव्यानेही जमलं नाही तर रेझिनची तारीख पाहा. साधं पॉलिएस्टर थंड, सावलीच्या जागी साधारण ६ महिने टिकतं. पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये त्याहून खूप कमी.

कप नीट तापतो पण माल कच्चा राहतो, असं झालं तर गोंधळू नका. १०० ग्रॅमचा गोळा स्वतःची उष्णता धरून ठेवतो. एकाच मॅटचा पातळ थर ती धरत नाही. गारठ्यात एकेरी थर म्हणूनच कच्चा राहतो. अशा वेळी दोन मॅट लागोपाठ ओल्यावर ओल्या द्या. उलट बाजूही सांभाळा: ४५० ग्रॅमच्या तीन-चार मॅटपेक्षा जास्त एका दमात नको. उष्णता कोंडते, थर पिवळा पडून तडकतो.

५. अॅसिटोन, ब्रश, पावडर, रंग

पावसाळ्यात इथे बरेच जण फसतात. अॅसिटोन भराभर उडतं आणि उडताना पृष्ठभाग थंड करतं. दमट हवेत थंड झालेल्या त्या पृष्ठभागावर लगेच पाणी धरतं. म्हणजे साफ करायला गेलात आणि ओल लावून आलात. पुसल्यावर निदान दहा मिनिटं थांबा, साचा पुन्हा हवेच्या तापमानाला आला की मगच मॅट घाला. चार वेळा वापरलेल्या अॅसिटोनमध्ये पाणी आणि रेझिन दोन्ही असतं, ते फक्त हत्यारं धुवायला ठेवा.

धुतलेला ब्रश झटकून, कोरडा करून घ्या. ओला ब्रश थेट रेझिनमध्ये बुडवला की अॅसिटोन थरात जातं आणि गोल गोल मऊ ठिपके राहतात.

टाल्क किंवा चॉक पावडरचं पोतं उघडं असेल तर पावडरने हवेतली ओल ओढलेली असते. आणि रंगाची पेस्ट, विशेषतः काळी, प्रमाणाबाहेर घातली की शिजणं मंदावतं. काळ्या मालासाठी कपाची चाचणी रंग घालूनच करा.

६. मॅट

आता मॅटकडे. कोरड्या मॅटचा पांढरा रंग रेझिन पडताच नाहीसा होतो, कारण काचेचा आणि रेझिनचा प्रकाश वाकवण्याचा गुण जवळजवळ सारखा असतो. पांढरं राहिलं म्हणजे तिथे काच आणि रेझिनच्या मध्ये हवा किंवा पाणी आहे. रंग न घातलेल्या थरामागे टॉर्च धरली तर सगळं दिसतं. स्पष्ट, वेगळे बुडबुडे दिसले तर हवा. सगळीकडे दुधाळ धुकं दिसलं तर ओल.

ओल मोजायची तर १ चौरस मीटर मॅट कापा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला. दिवे लावून ५० अंशांच्या आसपास ठेवलेल्या कोरड्या पेटीत रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा तोला. मॅटमध्ये ओल ०.२ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. ४५० ग्रॅमच्या तुकड्यात म्हणजे १ ग्रॅमही नाही. वजन ३-४ ग्रॅमने घटलं तर तो रोल तसाच वापरू नका. कापलेली मॅट त्याच पेटीत वाळवून, बाहेर काढल्यावर लगेच वापरा. रोलचं प्लास्टिकचं मूळ वेष्टण फेकू नका, काम संपलं की पुन्हा गुंडाळा. जमिनीपासून वर आणि भिंतीपासून लांब ठेवा.

रेझिनचं प्रमाण मॅटच्या वजनाच्या सव्वादोन पट धरा. १ चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या दोन मॅट म्हणजे ९०० ग्रॅम काच, रेझिन सुमारे २ किलो, आणि जाडी २ मिलिमीटरच्या जवळपास. वोव्हन रोव्हिंगला (काचेच्या जाड विणलेल्या कापडाला) वजनाइतकंच रेझिन पुरतं. पैसे वाचवायला रेझिन कमी केलं की पांढरे धागे राहतात. भीतीने जास्त ओतलं की काच कमी, रेझिन जास्त असा ठिसूळ थर होतो. आधी साच्यावर रेझिन लावा, मग मॅट बसवा, म्हणजे हवा खालून वर निघते. रोलर मधून कडेकडे.

एपॉक्सीत काम करत असाल तर साधी मॅट घेऊ नका. तिचे धागे बांधणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो. एपॉक्सीत स्टायरीन नसतं, मॅट ताठच राहते. विणलेलं कापड घ्या.

७. साचा आणि जेलकोट

जेलकोटची जाडी ०.४ ते ०.६ मिलिमीटर हवी, चौरस मीटरला साधारण ५०० ते ७०० ग्रॅम. त्याहून पातळ झाला तर तो नीट शिजत नाही. मागून येणाऱ्या रेझिनमधलं स्टायरीन त्यात शिरतं आणि सुरकुत्या पडतात. बोट लावल्यावर चिकट लागावा पण रंग बोटाला येऊ नये, तेव्हाच पहिली मॅट.

खोल साच्यात, टाकीच्या तळाशी विशेषतः, स्टायरीनची वाफ हवेपेक्षा जड असल्याने साठून राहते आणि तळ कच्चा राहतो. माल वरून खडखडीत, तळाशी मऊ, याचं कारण बहुतेक हेच. साचा कलता ठेवा किंवा पंख्याची हळू हवा आडवी सोडा. जोराची हवा नको, स्टायरीन उडून पृष्ठभाग कच्चा राहतो.

८. थर सुटतोय: घासणं

पहिला थर देऊन एक-दोन दिवस उलटले की त्यावर नवा थर रासायनिक रीतीने जुळत नाही, फक्त ओरखड्यांना धरून राहतो. म्हणून ३६ ते ६० नंबरच्या कागदाने चमक पूर्ण जाईपर्यंत घासा, कोरड्या ब्रशने धूळ काढा, त्याच दिवशी पुढचा थर द्या. दुरुस्तीचा पॅच असेल तर भोकाच्या कडा उतरत्या घासा. ३ मिलिमीटर जाडीला प्रत्येक बाजूने निदान ४०-५० मिलिमीटर उतार. सर्वात लहान मॅट आधी, मोठ्या नंतर. पाणी साठवलेली टाकी घासण्याआधी पूर्ण वाळवा. जुन्या थरात मुरलेलं पाणी दोन-तीन दिवस निघत राहतं.

घासताना धुळीचा मास्क, बंद बाह्या, चष्मा. स्टायरीनच्या वासाला धुळीचा मास्क काम देत नाही, त्याला कोळशाच्या कार्ट्रिजचा लागतो.

कच्चा माल वाचतो का?

कॅटॅलिस्टचं माप बरोबर होतं आणि फक्त गारठ्याने थर कच्चा राहिला असेल तर वाचतो. साच्यातच ठेवून ४० अंशांना १६ तास किंवा ८० अंशांना ३ तास सारखी उष्णता द्या. आधी साचा ८० अंश सोसतो का ते पाहा, बरेच सोसत नाहीत. कॅटॅलिस्ट घालायचंच राहून गेलं असेल, किंवा थर दुधाळ असेल, तर खरवडून टाका. ओल आत अडकली की उष्णतेने ती निघत नाही, फोड येतात.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

आम्ल, कॉस्टिक किंवा गरम रस-मळीची टाकी असेल तर साध्या पॉलिएस्टरचा पॅच मारू नका. तिथे व्हिनाइल एस्टर (रसायनं सोसणारं रेझिन), आतला टिश्यूचा (अगदी पातळ मॅटचा) रेझिनभरला थर आणि थरांचा ठराविक क्रम लागतो. तो आरेखन करणाऱ्या अभियंत्याने ठरवायचा.

टाकीच्या आत उतरून काम असेल तर एकट्याने अजिबात नाही. साठलेल्या स्टायरीनने माणूस बेशुद्ध पडतो. हवा खेळवणारा पंखा, बाहेर सतत उभा माणूस आणि बंदिस्त जागेत काम करायची माहिती असलेला ठेकेदार, हे नसेल तर काम घेऊ नका.

उंचावरची टाकी आधाराजवळ किंवा तळाच्या कोपऱ्यात तडकली असेल, दाबाचं भांडं असेल, माणसाचं वजन पेलणारी जाळी किंवा जिना असेल तर पॅचने भागत नाही. मॅटच्या थराचा ताठपणा ७ गिगापास्कलच्या आसपास, पोलादाचा २००. थर आधी वाकतो, आवाज करतो आणि मग अचानक जातो. जाडी आणि आधार दोन्ही मोजून घ्यायला हवेत.

पिण्याच्या पाण्याची टाकी कच्ची राहिली असेल तर वास जाईपर्यंत वाट बघणं हा उपाय नव्हे. त्यासाठी मान्य असलेलं रेझिन आणि पूर्ण पोस्ट-क्युअर (उष्णता देऊन शिजवणं) झाल्याची खात्री पुरवठादाराकडून लेखी घ्या.

आणि वरच्या आठही तपासण्या बरोबर येऊनही लागोपाठ दोन-तीन माल कच्चे निघाले, तर स्वतःच्या प्रयोगांत आणखी रेझिन घालवू नका. त्याच मालाचा हातभर तुकडा, रेझिनचा बॅच नंबर, मॅटच्या रोलचं लेबल आणि त्या दिवशीचं तापमान-आर्द्रता लिहून रेझिन पुरवठादाराच्या प्रयोगशाळेकडे पाठवा. ते बारकॉल यंत्राने कडकपणा मोजतात. साध्या पॉलिएस्टरला ३५ च्या वर आकडा यायला हवा. तुकडा ५६५ अंशांच्या भट्टीत जाळून उरलेली काच तोलतात, त्यावरून काचेचं खरं प्रमाण कळतं. ते ३० टक्क्यांच्या आसपास आणि बारकॉल कमी आला तर दोष शिजण्यात आहे. बारकॉल ठीक आणि काच २० टक्क्यांच्या खाली आली तर दोष रोलर फिरवणाऱ्या हातात.